ग्राफ्टन: स्वतःच खणलेल्या कालव्यामागे निघून गेलेलं गाव

बाबा खामगाव तालुक्यातले. आयुष्यभर कापूस पिकवला. आमच्याकडे लास व्हेगसला आले आणि आठवडाभरात इथल्या झगमगाटाला कंटाळले. एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, "बाबा, इथून दोन तासांवर यूटा राज्यात दीडशे वर्षांपूर्वी लोकांना मुद्दाम कापूस लावायला पाठवलं होतं. त्यातली काही गावं आज ओस पडली आहेत." बाबांचा घास हातातच राहिला. "या वाळवंटात पराटी?" ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रजा जुळल्या आणि आम्ही निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि पाण्याचे दोन मोठे कॅन.

शुक्रवार: सेंट जॉर्ज

आय-१५ महामार्ग लागला की मध्ये अॅरिझोनाच्या कोपऱ्यातून रस्ता व्हर्जिन नदीच्या घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली गढूळ पाण्याची बारीक धार. पुढचे सगळे दिवस हीच नदी या ना त्या रूपात समोर येत राहिली. यूटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे आहे. दुपारची एखादी वेळ गाठायची असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

थोडा इतिहास सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. त्यांचा नेता ब्रिगहॅम यंग याला आपल्या माणसांनी बाहेरच्या कोणावर अवलंबून राहायला नको होतं, अगदी कपड्यासाठीही. दक्षिणेकडचा हा भाग उष्ण, म्हणून त्याने इथे कापूस लावायचं ठरवलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेच्या संस्थानांमधला कापूस मिळेनासा झाला. त्याच ऑक्टोबरात सॉल्ट लेकच्या धर्मसभेत ३०९ कुटुंबांची नावं पुकारली गेली: घरदार विका आणि दक्षिणेला जा. सेंट जॉर्ज वसलं ते असं.

बाबांना यातलं एक टोक चांगलंच ठाऊक होतं. याच युद्धाने मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडवला, प्रेमचंद रायचंदसारख्यांच्या पेढ्या फुगल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. वऱ्हाडच्या कापसासाठी इंग्रजांनी रेल्वे आणली आणि १८७० मध्ये खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला. बाबा लहानपणी त्याच फाट्यावरच्या गाडीत बसलेले. एकाच लढाईचे हिशेब जगाच्या दोन टोकांच्या शेतकऱ्यांनी चुकते केले, हे त्यांनी गाडीत दोनदा बोलून दाखवलं.

सेंट जॉर्जच्या जरा पुढे वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे १८६५ मध्ये बांधायला घेतलेली लाल दगडाची कापड गिरणी अजून उभी आहे. ओढ्याच्या पाण्यावर चालायची. १८६९ मध्ये देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे जोडली गेली, पूर्वेकडचं स्वस्त कापड इथे येऊ लागलं आणि गिरणीचा जीव हळूहळू गेला. आम्ही बाहेरूनच पाहिली. बाबा भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते.

सेंट जॉर्जच्या मधोमध टॅबरनॅकल आहे, म्हणजे सगळ्या गावाने मिळून जमण्याची मोठी प्रार्थनावास्तू. १८६३ ला काम सुरू, १८७६ ला पूर्ण. लाल वालुकाश्म, पांढरा मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. प्रवेश विनामूल्य आहे आणि आत पंथातलीच मंडळी हौसेने माहिती देतात. आम्हाला एक निवृत्त जोडपं भेटलं. आजींनी खिडक्यांच्या काचांची गोष्ट सांगितली. काचा न्यूयॉर्कहून समुद्रमार्गे कॅलिफोर्नियाला आल्या, पण त्या सोडवून घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा पीटर नील्सन नावाच्या गावकऱ्याने घर वाढवण्यासाठी साठवलेले सहाशे डॉलर आणून दिले. त्या जुन्या काचांमधून बाहेरचं झाड किंचित वाकडं दिसतं. आजींनी प्रत्येकाला त्या ठरावीक जागी उभं करून ते दाखवलं.

जवळच पांढरंशुभ्र टेंपल आहे, १८७७ मध्ये पूर्ण झालेलं. आत फक्त पंथाच्या लोकांनाच जाता येतं, बागेत मात्र कोणीही फिरावं. संध्याकाळी रस्त्याकडेला एका घरासमोर टेबलावर डाळिंबं मांडली होती, शेजारी पैसे टाकायचा डबा. माणूस कोणी नाही. पहिल्या वसाहतवाल्यांनी इथे अंजीर, द्राक्षं आणि डाळिंबं लावली, ती मात्र टिकली. दाणे आमच्या सोलापूरकडच्यापेक्षा आंबट, पण रस भरपूर.

शनिवार: ग्राफ्टन

झायन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी गर्दी रॉकव्हिल गावातून सुसाट पुढे जाते. त्या गावात उजवीकडे वळलं की व्हर्जिन नदीवर १९२४ चा लोखंडी पूल लागतो. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. पलीकडे साडेतीन मैलांवर ग्राफ्टन. शेवटचा टप्पा कच्चा आहे, कोरड्या दिवसात साधी मोटार आरामात जाते. पावसानंतर तिथली चिकणमाती चाकांना धरते, तेव्हा जाऊ नये. वाटेत दुकान, नळ काही नाही. पाणी घरूनच न्या.

आधी स्मशानभूमी लागते. लाकडी कुंपण, आत लाल मातीचे उंचवटे, काही दगड, काही नुसत्या पाट्या. १८६६ हे साल इथे पुन्हापुन्हा भेटतं. त्या एका वर्षात तापाने मुलं गेली. झोका तुटून दोन किशोरवयीन मैत्रिणी गेल्या. बेरी कुटुंबातले दोघे भाऊ आणि एकाची बायको हल्ल्यात मारले गेले. त्यांच्या दगडावर इंडियनांकडून, म्हणजे अमेरिकेच्या मूळनिवासींकडून, मारले गेल्याची नोंद आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत वसाहतवाल्यांच्या सशस्त्र पथकाने सूड म्हणून इथल्या मूळनिवासी पायूट माणसांना ठार मारलं होतं, ते या दगडावर नाही. हा नदीकाठ मुळात दक्षिणेकडच्या पायूट लोकांचा. ते इथे मका आणि भोपळे पिकवत. वसाहतवाल्यांनी नेमकी तीच जमीन आणि तेच पाणी घेतलं. याच कुंपणात काही पायूट लोकांच्याही कबरी आहेत. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक बाई कबरीभोवतीचं गवत उपटत होत्या. सत्तरीच्या असाव्यात, डोक्यावर मोठी हॅट. त्यांच्या पणजीची बहीण इथे पुरलेली. दर शरद ऋतूत येऊन साफसफाई करतात. बाबा काही न विचारता खाली बसले आणि गवत काढू लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मुळासकट तण कसं काढायचं ते दोघांनाही येत होतं. नंतर त्या आमच्यासोबत गावात आल्या, आणि पुढचं बरंचसं मला त्यांच्यामुळे कळलं.

१८५९ च्या डिसेंबरात शेजारच्या व्हर्जिन गावातून नेथन टेनी याच्या पुढाकाराने पाच कुटुंबं इकडे आली. जरा बस्तान बसतंय तोच जानेवारी १८६२ मध्ये महापूर आला. घरं, धान्य, सगळं वाहून गेलं. टेनीची बायको त्याच रात्री बाळंत होत होती. ती होती त्या छकड्यासकट लोकांनी तिला उंचावर ओढून नेलं. मुलगा झाला, त्याचं नाव मार्व्हलस फ्लड टेनी ठेवलं. पुराच्या नावाने ओळखला गेलेला माणूस! बाबांना हे नाव अर्थासकट सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडं पुरात झालेल्या पोराले पूरनच म्हनले असते."

मग गाव मैलभर वर सरकलं. १८६४ पर्यंत २८ कुटुंबं झाली. सुरुवातीला त्यांनी कापूस इतका लावला की खायच्या धान्याला जमीन उरली नाही. मग मका आणि भाजीपाल्याला जागा द्यावी लागली. खरी लढाई मात्र पाटाच्या पाण्याची. व्हर्जिन नदी इतका गाळ आणते की पाट दर आठवड्याला उपसावे लागत. पूर आला की बांध जाई, आणि बांधासोबत काठची जमीनही.

बाबा नदीकाठापर्यंत चालत गेले. मूठभर माती घेतली, चोळली, सोडून दिली. "रेताड हाय. आन् काठ पाय कसा तुटला. वावर नदीनं खाल्लं असन दरसाल." मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हाताने दाखवलं, त्यांच्या पूर्वजांचं शेत आज जिथे पाणी वाहतं तिथे होतं.

आता त्या इमारतीविषयी, जिच्यासाठी लोक इथे येतात. १८८६ मध्ये गावाने चर्च बांधलं. तीच शाळा, तीच सभेची जागा, आणि शनिवारी रात्री बाकं बाजूला सारून नाचायचीही तीच. पाया काळ्या लाव्हा दगडाचा. भिंती गावाबाहेरच्या खाणीतल्या मातीच्या, उन्हात वाळवलेल्या विटांच्या. तुळया आणि फळ्या माउंट ट्रंबुलहून, म्हणजे सुमारे ७५ मैलांवरून, बैलगाड्यांनी आणलेल्या. छतावर छोटा घंटामनोरा. मागे झायनचे लाल-पांढरे कडे, समोर पिवळे पडलेले कॉटनवूडचे वृक्ष. एवढ्याशा वस्तीला ही इमारत ऐटदार वाटते, आणि ती तशीच हवी होती. घरं साधी, पण एकत्र बसायची जागा चांगली असावी हा त्यांचा हिशेब. बाबांनी विटेत मिसळलेली काडी नखाने दाखवली. आमच्या आजोबांचं घरही मातीच्या विटांचंच होतं, त्यांना नवीन काहीच नव्हतं.

शेजारी अलॉन्झो रसेलचं १८६२ चं घर आहे, ओसरीसह. समोर रस्त्यापलीकडे जॉन वूडचं १८७७ चं. कुलूप असेल तर काचेतून डोकवावं. कोणी भिंतीवर नाव कोरू नये एवढी मात्र विनंती. जुन्या कोरीवकामाच्या खुणा भरायला कारागिरांना किती मेहनत पडली हे त्या बाईंनी पोटतिडकीने सांगितलं. १९९७ पासून ग्राफ्टन हेरिटेज पार्टनरशिप ही संस्था ही वास्तू आणि भोवतालची जमीन सांभाळते. सत्तरच्या दशकाच्या तोंडावर एका गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटातला सायकलचा प्रसंग याच आवारात चित्रित झाला. बरेच पर्यटक तेवढ्यासाठी येतात, फोटो काढतात, निघतात.

गाव रिकामं कसं झालं? मला वाटलं होतं पूर हेच उत्तर. अर्धंच होतं ते. १८९३ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी व्हर्जिनचं पाणी वीसेक मैल खालच्या हरिकेन पठारावर न्यायचं ठरवलं. साडेसात मैलांचा कालवा, उभ्या कड्याच्या अंगाने, पहार, कुदळ आणि सुरुंगाने. शेतीची कामं नसत तेव्हा हिवाळ्यात माणसं जाऊन खणत. त्यात ग्राफ्टनचेही होते. मजुरीच्या बदल्यात पठारावरच्या जमिनीचा आणि पाण्याचा हिस्सा मिळे. १९०४ मध्ये पाणी वाहिलं, १९०६ पासून कुटुंबं घर मोडून तिकडे निघाली. पुराचा धाक नाही, सपाट जमीन, बेताचा गाळ. कोण थांबेल? १९१९ मध्ये शाळेत मोजकी मुलं उरली आणि शाळा बंद झाली. १९२१ मध्ये पंथाने तिथली शाखा बरखास्त केली. १९४४ ला शेवटची माणसं गेली.

ज्यांनी चर्चसाठी ७५ मैलांवरून लाकूड आणलं, त्यांनीच सोडून जायची वाट खणली. यात मला हार दिसत नाही. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून ऐंशी वर्षं नदीशी झगडलेल्या लोकांनी शेवटी शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि मागे एक इमारत नीट ठेवून गेले.

दुपारी त्या बाईंना आमच्या दशम्या आणि चटणी दिली. त्यांनी डब्यातून सुक्या पीचच्या फोडी दिल्या. ठेच्यापासून मी त्यांना सावध केलं होतं, पण त्यांनी तो दोनदा घेतला.

परतताना हरिकेनला थांबून कालव्याची जुनी वाट पाहिली. काही भाग चालता येतो. कडा अरुंद आहे, लहान मुलं असतील तर सुरुवातीचाच टप्पा पुरे. बाबा वरूनच बघत म्हणाले, "पहारीनं? आई शप्पत."

रविवार: पाइन व्हॅली

सेंट जॉर्जहून उत्तरेला ३०-३५ मैल, पण उंची साडेसहा हजार फुटांच्या वर. खाली अर्ध्या बाह्यांत फिरत होतो, वर कान झाकावे लागले. स्वेटर गाडीत ठेवाच.

इथलं १८६८ चं पांढरं लाकडी चर्च आजही वापरात आहे. बांधणारा एबेनेझर ब्राइस, स्कॉटलंडमध्ये जहाजबांधणी शिकलेला. ज्याचं नाव पुढे ब्राइस कॅन्यनला मिळालं तोच. चर्च बांधायला सांगितल्यावर त्याने जे येत होतं तेच केलं: भिंती जमिनीवर आडव्या जोडल्या, मग दोरांनी उचलून उभ्या केल्या, आणि वरचा माळा उलट्या जहाजाच्या पोटासारखा रचला. पूर आला तर हे तरंगेल, असं तो म्हणायचा अशी आठवण इथे सांगतात. ग्राफ्टन पाहून आल्यावर ते ऐकताना नुसती गंमत वाटली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना संपून लोक बाहेर येत होते. अनोळखी चेहरे पाहून तिघा-चौघांनी हात पुढे केला. एक म्हातारे शेतकरी बाबांशी बोलायला लागले, मी दुभाषी. विषय पाणी. त्यांच्याकडे अजून पाण्याची पाळी असते, ठरलेल्या तासाला ठरलेल्या माणसाचं दार उघडायचं, आणि त्यावर देखरेख करणारा गावाने नेमलेला माणूस असतो.

"म्हंजे पाटकरी!" बाबा उजळले. "रात्रीची पाळी येते का यायले?"

येते, म्हणाले आजोबा, पहाटे तीनची नेहमी माझ्याच वाट्याला. मग दोघे कंदील, गमबूट आणि वरच्या शेतातला शेजारी पाणी चोरतो या विषयावर अर्धा तास बोलले. माझी भाषांतराची गरज निम्म्यातच संपली. माळा बघायला मिळाला नाही, त्याचं बाबांना काही वाटलं नाही. नवऱ्याला मात्र हळहळ वाटली. आतून पाहायचं असेल तर उन्हाळ्यात जा, तेव्हा माहिती देणारे असतात.

सोमवार: सिल्व्हर रीफ

शेवटी लीड्स गावाजवळचं हे दुसरं ओसाड गाव. इथली गोष्ट उलटी. ग्राफ्टन धर्माच्या आज्ञेने वसलं, सिल्व्हर रीफ चांदीच्या लोभाने. वालुकाश्मात चांदी सापडते यावर खाणतज्ज्ञ विश्वास ठेवायला तयार नव्हते, पण ती होती. १८७५ नंतर इथे खाणकामगार लोटले: आयरिश, इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे कॉर्निश, चिनी. दुकानं, दारूचे गुत्ते, चिनी वस्ती. बहुतेक मॉर्मन नव्हते. आसपासच्या मॉर्मन शेतकऱ्यांना मात्र भाजी, धान्य आणि लाकूड रोख पैशाला विकायला पहिल्यांदाच बाजार मिळाला. पुढे खाणीत पाणी भरलं, चांदीचा भाव पडला, आणि १८८४ पर्यंत मोठ्या खाणी बंद झाल्या. पैसे आणि माल पोचवणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीची १८७७ ची कचेरी आज संग्रहालय म्हणून उभी आहे. उघडण्याचे वार बदलतात, निघण्याआधी चौकशी करा. बाकी दगडी चौथरे, अर्ध्या भिंती आणि आता मधूनमधून नवी घरं.

फादर लॉरेन्स स्कॅनलन या आयरिश धर्मगुरूने १८७९ मध्ये इथे सेंट जॉन्स चर्च उभारलं, रुग्णालयही काढलं. चर्च आज नाही. स्कॅनलनची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र आम्ही शुक्रवारी पाहिलेल्या त्या टॅबरनॅकलमध्ये घडली. खाणीतल्या कॅथलिकांपैकी काहींना सेंट जॉर्जमध्ये मोठी प्रार्थना हवी होती. मॉर्मन पुढारी इरॅस्टस स्नो यांच्या संमतीने टॅबरनॅकल मिळालं. प्रश्न गायकांचा होता, कारण प्रार्थना लॅटिनमध्ये. जॉन मेंझीज मॅकफार्लेन या मॉर्मन संगीतकाराने आपल्या गायकवृंदाला लॅटिन गाणी शिकवायला घेतली. २५ मे १८७९ रोजी मॉर्मनांच्या वास्तूत कॅथलिक धर्मगुरूने प्रार्थना केली आणि मॉर्मन शेतकऱ्यांनी, सुतारांनी ती लॅटिनमध्ये गायली. एकमेकांचा पंथ चुकीचा आहे असं मानणारी ही माणसं. तरीही गाणी पाठ केली.

संग्रहालयातल्या स्वयंसेवकाने हे सांगितलं तेव्हा बाबांनी मला पुन्हा सगळं वऱ्हाडीत सांगायला लावलं. मग विचारलं, "अन् त्या कॅथलिकांनी मॉर्मनायले काय देल्लं?" स्वयंसेवक हसून म्हणाला, भाजीचे पैसे वेळेवर.

थोडं पुढे दोन स्मशानभूमी आहेत, एक कॅथलिकांची, एक प्रोटेस्टंटांची. दगड तुटलेले, कुंपणं नवी. जमिनीत जुन्या खाणींची भोकं आहेत, म्हणून पायवाट सोडून भटकू नका.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि एप्रिल हे दिवस चांगले, जुलैत खाली पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी अचानक पूर येतात. ग्राफ्टन सकाळी करा, दहानंतर झायनहून गाड्या वाढतात. मुक्काम सेंट जॉर्ज किंवा हरिकेनला ठेवा, झायनच्या दारातली हॉटेलं बरीच महाग आहेत. शाकाहारींनी डबा न्यावा, छोट्या गावात सँडविचपलीकडे फारसं काही नाही. आणि ग्राफ्टनच्या देखभालीला शक्य असेल ती देणगी द्या. मातीची भिंत दर काही वर्षांनी लिंपावी लागते, ते काम पैशाशिवाय होत नाही.